रस्त्यावरची ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवर

जर्मनीत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो, इथे नक्की किती कंपन्या गाड्या चालवतात आणि कुठलं तिकीट कुठे चालतं? प्रश्न रास्तच आहे. मी राहते त्या नैऋत्य जर्मनीतल्या कार्ल्सरुहे शहराचंच बघा, शहरातल्या ट्राम व्हीबीकेच्या, शहराबाहेर जाणाऱ्या बऱ्याचशा पिवळ्या-लाल गाड्या एव्हीजीच्या, मानहाइमकडे जाणारी एस-बान (म्हणजे आपल्या लोकलसारखी गाडी) डॉइश बान या सरकारी रेल्वेची, स्टुटगार्टची रीजनल गाडी आर्वेरिओची (ती आधी गो-अहेडची होती, मग ऑस्ट्रियन रेल्वेने कंपनी विकत घेतली आणि नाव बदललं) आणि या सगळ्यांचे झोन आणि तिकीटदर बघते केव्हीव्ही, जिच्यामुळे तिच्या हद्दीत एकच तिकीट सगळ्या गाड्यांत चालतं. १९९४ मधे रेल्वेची फेररचना झाली आणि १९९६ पासून लोकल-रीजनल गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे आली, आता राज्य पैसे देतं, टेंडर काढतं आणि ज्याला मिळेल तो गाडी चालवतो. हा सगळा गुंता प्रवाशाला कळायची गरज नाही आणि खरं सांगायचं तर निम्म्या जर्मन लोकांनाही तो माहीत नसतो.

पण यातल्या एव्हीजीबद्दल मला लिहायचंय, कारण या कंपनीने शहरातली ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवर चालवली आणि ते बघायला जगभरातून ट्रान्सपोर्टवाले अजून येतात.

मूळ दुखणं जुनं आहे. १९१३ मधे कार्ल्सरुहेचं मुख्य स्टेशन गावातून उचलून दक्षिणेला नेलं, मार्क्टप्लाट्झ या बाजाराच्या मुख्य चौकापासून साधारण दोन किलोमीटर लांब. आता दोन किलोमीटर म्हणजे काय मोठंसं, पण रोज आजूबाजूच्या गावांतून कामाला येणाऱ्याला विचारा. ट्रेनमधून उतरा, सामान घेऊन बाहेर या, ट्रामची वाट बघा, ती गर्दीने भरून आली की पुढची बघा, आणि हेच संध्याकाळी उलट. माणूस थोडे दिवस सहन करतो आणि मग गाडी घेतो. आपल्याकडे मेट्रो स्टेशनातून उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

एव्हीजी म्हणजे आल्बटाल व्हेर्केअर्स गेझेलशाफ्ट, शहराने ही कंपनी १९५७ मधे काढली ती आल्ब नदीच्या खोऱ्यातल्या, ब्लॅक फॉरेस्टच्या कुशीत जाणाऱ्या मीटरगेज लाइनसाठी. त्यांनी ती लाइन टप्प्याटप्प्याने ट्रामच्या गेजची केली आणि शहराच्या ट्रामच्या रुळांना जोडून टाकली. झालं, खोऱ्याच्या टोकाच्या बाट हेरेनआल्पहून बसलेला माणूस थेट बाजारात उतरायला लागला. पुढे १९७९ मधे नॉयरॉइटकडे सरकारी रेल्वेच्या मालगाडीच्या लाइनवर ट्राम घातली, म्हणजे एकाच रुळावर दुपारी ट्राम आणि मधेच मालगाडी. या सगळ्यामागे दीटर लुडविग नावाचा माणूस होता, अनेक वर्षं या कंपन्यांचा प्रमुख. खमका असणार, त्याशिवाय रेल्वेच्या बाबूंकडून असल्या परवानग्या निघत नाहीत, जर्मनीतले बाबू काही वेगळ्या मातीचे नसतात.

खरी मजा १९९२ मधे. ब्रेटेन नावाच्या गावाकडे सरकारी रेल्वेची नेहमीची लाइन होती, आणि जर्मन रेल्वेची वीज १५ हजार व्होल्ट एसी. आणि शहरातली ट्राम ७५० व्होल्ट डीसीवर. यांनी दोन्हीवर चालणारी गाडी बनवून घेतली. गाडी शहराच्या कडेच्या दुरलाखहून पुढे निघाली की मधे एक तुकडा येतो जिथे वरच्या तारेत वीजच नाही, गाडी आपल्या वेगाने घरंगळत तो पार करते आणि पलीकडे दुसरं व्होल्टेज घेते. मुंबईत १५०० व्होल्ट डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी येत होतं त्या वर्षांत ज्यांनी लोकलने ये-जा केली त्यांना मधेच दिवे-पंखे बंद होऊन पुन्हा लागायचे ते आठवत असेल, प्रकार तोच.

पण विजेचं मला तेवढं कौतुक वाटत नाही, ते इंजिनिअर लोक सोडवतातच. चाकाची भानगड जास्त गमतीची आहे. ट्रामचा रूळ रस्त्यात गाडलेला, त्याची खाच अरुंद, म्हणून ट्रामच्या चाकाची कड बारीक असते. रेल्वेच्या सांध्यावर, म्हणजे जिथे एक रूळ दुसऱ्याला ओलांडतो तिथे, फट मोठी असते आणि असलं बारीक चाक तिथे भलतीकडे शिरू शकतं. मग यांनी चाकाची मागची बाजू वरच्या भागात जाड केली आणि रेल्वेच्या सांध्यांपाशी बाजूची पट्टी उंच बसवली, म्हणजे खाली खाचेत बारीक भाग जातो आणि वर जाड भाग चाकाला ओळीत धरून ठेवतो. एवढ्याशा लोखंडावर अख्खी सिस्टिम उभी आहे!

नियमही दोन. शहरात ड्रायव्हर डोळ्याने बघून चालवतो, बस-गाड्यांसारखा, इंडिकेटर देतो, सिग्नलला थांबतो, कुणी मोबाइलमधे बघत रुळावर आलं तर घंटी मारतो. शहर सोडलं की तोच माणूस त्याच सीटवर रेल्वेचा ड्रायव्हर होतो, रेल्वेचे सिग्नल, रेल्वेची रुलबुक, शेजारून एक्सप्रेस. त्याला दोन्हीचं ट्रेनिंग लागतं. आणि एव्हीजी कायद्याने नुसती ट्राम कंपनी नाही तर रेल्वे कंपनीसुद्धा आहे, तिने डॉइश बानच्या काही लाइनी भाड्याने घेऊन स्वतः सांभाळल्या, माझ्या मते गाडीपेक्षा रेल्वे कंपनी असल्याचा हा कागद जास्त महत्त्वाचा.

ब्रेटेनच्या लाइनवर प्रवासी थोड्याच काळात जवळपास चौपट झाले, कारण गाडी बदलणं गेलं, एवढंच. मग सगळ्यांनाच हवी झाली. हाइलब्रॉनने स्वतःची ट्राम १९५५ मधेच बंद केली होती, तिथे २००१ मधे भर रस्त्यात ट्राम पुन्हा आली ती कार्ल्सरुहेची! झारब्र्युकेनची ट्राम १९९७ पासून सरहद्द ओलांडून फ्रान्समधल्या सारगमीनला जाते. नॉर्डहाउझेनमधे तर ट्राममधे डिझेल इंजिन बसवलंय, विजेची तार संपली की डिझेलवर हार्ट्झ डोंगरातल्या नॅरोगेजवर पुढे. आणि झ्विकाऊने सगळं उलटं केलं, डिझेलची रेल्वेगाडीच गावात आणली, ट्रामच्या सोबतीने.

आता दुसरी बाजू. गाडी बदलायची नाही म्हणून प्रत्येक गावाला थेट गाडी हवी, आणि सगळ्या थेट गाड्या एकाच कायझरश्ट्रासेवरून. गावातल्या मेन रोडवर दुकानांसमोर एकामागे एक अशा ट्राम उभ्या असायच्या की लोक त्याला पिवळी भिंत म्हणायचे, पलीकडचं दुकान दिसायचं नाही. बोगदा काढायचा विषय १९९६ च्या मतदानात लोकांनी हाणून पाडला, २००२ मधे मान्य केला, २०१० मधे खोदायला घेतला आणि डिसेंबर २०२१ मधे गाड्या खाली गेल्या. सात स्टेशनं जमिनीखाली आणि खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या तिपटीच्या आसपास, दीड अब्ज युरोच्या घरात. (पुणे मुंबईवाल्यांनी उगाच न्यूनगंड बाळगू नये.) शिवाय लांबच्या लाइनवर मालगाडी पुढे गेली नाही की उशीर थेट शहराच्या बोगद्यापर्यंत पोचतो, मागच्या चार ट्राम अडकतात. थेट गाडीची ही किंमत आहे आणि ती कुणी ब्रोशरमधे छापत नाही.

तरी मॉडेल संपलं असं नाही. २०२२ मधे कार्ल्सरुहे, झारब्र्युकेन आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग वगैरे मंडळींनी मिळून श्टाडलर कंपनीला ५०४ पर्यंत ट्राम-ट्रेनची ऑर्डर दिली, त्यातल्या २४६ पक्क्या. प्रत्येकाने वेगळी डिझाइन मागितली असती तर परवडलंच नसतं.

तिकिटाच्या मूळ प्रश्नाला उत्तर: डॉइशलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास काढा. मे २०२३ मधे महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मधे ५८ झालं आणि २०२६ पासून ६३. ट्राम, एस-बान, रीजनल, बस, सगळ्यात चालतं, कंपनी कुठलीही असो. आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत मात्र चालत नाही. गेट नसतं म्हणून फुकट जायचा मोह होतो, तपासनीस साध्या कपड्यातही असतो आणि दंड ६० युरो.

आणि इथे आलात तर मुर्ग नदीच्या खोऱ्यातून फ्रॉयडेनश्टाटला जाणाऱ्या एस-८ ने जा. बायर्सब्रॉनच्या पुढे चढ एवढा की पूर्वी तिथे दातेरी रूळ होते, आता हीच ट्राम नुसत्या चाकांवर चढते. चढण्याआधी डब्यावरचा बोर्ड वाचा, काही फेऱ्यांत गाडी मधेच तोडतात आणि मागचा डबा तिथेच राहतो.