चिंचेतले दोन च

'चिंच' हा शब्द जरा सावकाश म्हणून बघा. पहिला च टाळूला लागतो, दुसरा दातांना. पहिला म्हणजे जपानी 'चि'. दुसऱ्याला उकार दिला की झाला जपानी 'त्सु', ज्याच्यापाशी जगभरचे विद्यार्थी अडखळतात. मराठी माणसाच्या तोंडात तो चुलीपासून आणि चुन्यापासून आहेच. पाण्याला 'मिझु' म्हणतात. त्यातला झुसुद्धा 'जुना'मधल्या ज च्या घरातला.

एवढं भांडवल हाताशी असून आपण जपानी खाण्याचे शब्द शिकतो रोमन लिपीतून, आणि तिथेच घात होतो. रोमनमधला टी दिसला की आपली जीभ वळून ट म्हणते. म्हणून टेम्पुरा (भज्यांसारखं तळण), टोफू (सोयाचं पनीर), टाकोयाकी (ऑक्टोपसचे गोळे), उडोन (जाड शेवया). जपानीत ट आणि ड नाहीतच. तेंपुरा, तोऽफु, ताकोयाकि, उदोन म्हणा. वाढणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावं लागणार नाही. तोऽफुतला फु दात ओठाला न लावता म्हणायचा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. अनुस्वाराचं तर काही शिकायलाच नको. 'आंबा'त तो म् होतो, 'कांदा'त न्, 'अंगण'मध्ये ङ्. जपानीतही त्यासाठी एकच अक्षर आहे आणि ते पुढच्या अक्षराप्रमाणे असंच बदलतं: तेंपुरा, बेंतोऽ, रिंगो. बेंतोऽ म्हणजे जेवणाचा डबा, रिंगो म्हणजे सफरचंद.

आपण चुकतो ते लांबीत. 'बीऽरु' म्हणजे बियर, 'बिरु' म्हणजे इमारत. कॉफी म्हणजे 'कोऽहीऽ', चार मात्रा. उपाय सोपा आहे, मांडीवर टिचक्या मारत म्हणायचं. सा-का-ना (मासा) तीन टिचक्या. आ चा उच्चार पुरा, पण लांबी अ एवढीच. 'इप्पोन'ला (एक लांबट वस्तू) चार, कारण जोडाक्षरातला अर्धा प् आणि शेवटचा न् यांनाही स्वतःची एकेक मात्रा असते. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'देसु', 'मासु' यांतला शेवटचा उ मात्र जवळजवळ गिळायचा. 'हाशि' म्हणजे जेवायच्या काड्या, पण आघात बदलला की त्यांचा पूल होतो हे पुस्तकं फार घाबरवून सांगतात. जेवणाच्या टेबलावर कुणी पूल मागत नाही. ते नंतर बघू.

आता शब्दांकडे. इंग्रजीला शेतापासून पानापर्यंत सगळ्यासाठी 'राइस' पुरतो. आपण तांदूळ विकत आणतो आणि भात खातो. शेतात मात्र पुन्हा भातच उभं असतं. जपानीत शेतातलं रोप 'इने', दुकानातला तांदूळ 'कोमे', शिजला की 'गोहान', आणि पाश्चात्त्य धाटणीच्या पदार्थासोबत सपाट बशीत आला की 'राइसु'. गोहान म्हणजे जेवणसुद्धा: 'आसागोहान' न्याहारी, 'हिरुगोहान' दुपारचं, 'बांगोहान' रात्रीचं. पाण्याचंही तसंच. मिझु म्हणजे गारच. गरम पाणी हा वेगळा शब्द, 'ओयु'. 'आत्सुइ मिझु', म्हणजे 'गरम गार-पाणी', हे नवशिक्याचं हमखास वाक्य. हॉटेलात गार पाण्याचा पेला हवा तर 'ओहिया'.

चवींच्या बाबतीत आपला षड्रस जसाच्या तसा बसतो. आमाइ गोड, सुप्पाइ आंबट, शोप्पाइ खारट, काराइ तिखट, निगाइ कडू आणि शिबुइ तुरट. तुरट चवीपाशी इंग्रजीतून शिकणारा चाचपडतो. आपल्याला आवळा आठवला की काम झालं. जपान्यांचा शिबुइ म्हणजे कच्चं 'काकि' नावाचं फळ. सातवी चव त्यांची. 1908 साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबु या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामि' नाव दिलं.

पण खरी मेजवानी जोडशब्दांची आहे. कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, बुळबुळीत, गिळगिळीत: दाताखाली काय घडतं ते अक्षर दोनदा आपटून सांगायची आपली खोड जपान्यांनाही आहे. तेंपुराचं आवरण 'साकुसाकु', म्हणजे चिरोट्यासारखं खुसखुशीत. कडकडीत तळलेलं, चावताना डोक्यात आवाज घुमणारं ते 'कारिकारि'. भाजलेला नोरि (समुद्री शेवाळाचा पातळ कागद) किंवा पातळ वेफर 'पारिपारि', आपल्या पापडाच्या जातीचा. ताजा पाव 'फुवाफुवा', लुसलुशीत. उकडलेल्या रताळ्याचा गरम, मोकळा, पिठूळ घास 'होकुहोकु'. ताज्या कोळंबीचा दाताला उसळणारा ताठपणा 'पुरिपुरि'. चिवट-मऊ, ओढल्यावर परत येणारं ते 'मोचिमोचि'. या याद्या पाठ करायला गेलात तर दोन दिवसांत विसराल. मराठी शब्द शेजारी ठेवून एकेक पदार्थ चावत गेलात तर राहतात.

इथे एक खड्डा आहे. 'नेबानेबा' म्हणजे बुळबुळीत, तार सुटणारं. शब्द समजतो, पण त्यामागचं मत उलटं आहे. भेंडी करताना आपण ती धुऊन, पुसून, कोरडी करून चिरतो आणि वर दोन आमसुलं टाकतो, ते तार मारण्यासाठी. जपानी स्वयंपाकी भेंडीला मीठ चोळून तिची लव काढतो, मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकतो आणि बारीक चिरून घोटतो, ते तार यावी म्हणून. नात्तोऽ (आंबवलेलं सोयाबीन), किसलेला यामाइमो नावाचा कंद आणि भेंडी एकाच वाडग्यात घातली की नेबानेबा ही शाबासकी ठरते. तेव्हा समोरचा आनंदाने 'नेबानेबा' म्हणाला तर तो तक्रार करत नाहीये.

शाकाहारी माणसाने सगळ्यात आधी दोन शब्द नीट समजून घ्यावेत, 'निकु' आणि 'दाशि'. निकु म्हणजे मांस. पण बोलण्यात त्याचा रोख बहुधा गोमांस किंवा डुकराच्या मांसाकडे असतो. 'निकु नको' म्हटल्यावर कोंबडी किंवा हॅमचे तुकडे आलेच तर वाढणाऱ्याने फसवलेलं नाही, आपलं वाक्य तोकडं पडलं. मासा तर त्यात येतच नाही. म्हणून पूर्ण म्हणायचं: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', मांस आणि मासे खात नाही.

एवढ्यानेही भागत नाही, कारण दाशि, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी, दिसत नाही. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोंबु अर्धा तास भिजवतात, मंद आचेवर ठेवतात आणि उकळी फुटायच्या आत काढतात, नाहीतर पाणी चिकट होतं. मग वीस-तीस ग्रॅम कात्सुओबुशि, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाच्या लाकडासारख्या ठोकळ्याचे पातळ काप, त्यात घालून मिनिट-दोन मिनिटांत गाळून घेतात. उरतं ते सोनेरी, पारदर्शक पाणी. हेच मिसो (आंबवलेल्या सोयाचं वाटण) सूपमध्ये, सोबा नावाच्या शेवयांच्या रश्श्यात, उकडलेल्या भाज्यांत. वर तरंगतोय तो नुसता तोऽफु आणि पातीचा कांदा, पण खाली मासा मुरलेला. विचारायचं वाक्य असं: 'दाशि नि साकाना गा हाइत्ते इमास् का?' दाशित मासा आहे का? आणि 'कात्सुओ-दाशि मो दामे देस्', ती दाशिही चालत नाही. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर 'शोऽजिन र्‍योऽरि' हा शब्द शोधावा. बौद्ध मठांचं हे जेवण. दाशि कोंबुची आणि शीताके अळंबीची, आणि परंपरेने त्यात कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात ते सहज चालावं.

मागवण्याचं वाक्य मराठीतून शब्दाला शब्द जातं. 'कोरे ओ फुतात्सु कुदासाइ': हे, दोन, द्या. मधला ओ हा आपल्या द्वितीयेसारखा, कर्माला चिकटणारा. गडबड होते ती आकड्यात. इचि, नि, सान पाठ करून गेलेला 'नि कुदासाइ' म्हणतो आणि अडकतो. मोजायचे शब्द निराळे: हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, योत्त्सु, इत्सुत्सु. लांबट वस्तू मोजताना पुन्हा इप्पोन, निहोन, सांबोन. आपल्याकडे कोथिंबिरीची जुडी, लसणाचा गड्डा, केळ्यांची फणी आणि मासळीचा वाटा, तसंच समजा. सुरुवातीला हितोत्सुपासून 'तोऽ' म्हणजे दहापर्यंत पाठ करा, बाटलीपासून बशीपर्यंत निभतं. माणसं मोजताना मात्र नीट: हितोरि, फुतारि, सान्निन, योनिन. चारला 'शि' धरून 'शिनिन' म्हणालात तर त्याचा अर्थ होतो मेलेला माणूस.

आग्रह झाला आणि नको असेल तर 'ईऽए', म्हणजे नाही, फार टोकदार वाटतं. 'दाइजोऽबु देस्' म्हणावं आणि तळहात हलकेच हलवावा. शब्दशः ते 'ठीक आहे', म्हणून हात हवाच. नुसतं बोललात तर आणखी वाढलं जाऊ शकतं. 'राहू द्या' म्हणताना आपलाही हात पानावर जातोच. आणि सुशीच्या दुकानात जाणकार दिसण्याच्या हौसेने बिलाला 'ओआइसो' म्हणू नये. ती दुकानदाराची आपसातली भाषा. गिऱ्हाइकाने 'ओकाइकेइ ओनेगाइशिमास्' म्हणायचं.

जेवणाच्या दोन टोकांना दोन शब्द असतात. सुरुवातीचा 'इतादाकिमास्'. 'इतादाकु'चा मूळ अर्थ डोक्यावर धरणं, मग नम्रपणे घेणं. प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकणाऱ्याला आणखी समजवायला नको. शेवटचा 'गोचिसोऽसामा देशिता'. यातला 'चिसोऽ' म्हणजे धावपळ, पाहुण्यासाठी जिन्नस गोळा करत केलेली. हा शब्द ज्या दोन चित्राक्षरांनी लिहितात त्यांपैकी पहिल्यात डावीकडे घोडा आहे, दुसऱ्याचा अर्थच पळणं. 'देशिता' हा भूतकाळ, म्हणजे धावपळ करून झाली. दारातून बाहेर पडताना हे गल्ल्याकडे बघून नव्हे, आत स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणायचं, जरा मोठ्याने.