मधल्या पायऱ्या

"कुठली पेठ?" गेटवरच्या हवालदारानं भाच्याला विचारलं. पोरगं गप्प. आई शिवाजी पेठेतली, बाप मंगळवार पेठेतला. काय सांगणार?

आज कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच, आमच्या शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण विरुद्ध मंगळवार पेठेचं पाटाकडील. ह्या बाजूला हे, त्या बाजूला ते. मधल्या पायऱ्या रिकाम्या, तिथं पोलीस काठ्या टेकून उभे. तक्रार नाही हां, पब्लिक पेटलं की काय होतं ते पाहिलंय मी.

भाचा आमच्यात बसला. भर उन्हात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. आत बापाच्या टीमची जर्सी!

पाटाकडीलनं गोल मारला. आमची बाजू चिडीचूप. त्यानं फक्त माझा हात करकचून दाबला.

नंतर हळूच म्हणाला, "मामा, ती मधली जागा कुणाची?"