पत्र्याखालच्या नळ्या

जळगाव, २६ मे

गाडी आज दुपारी गॅरेजमधून परत आली. कालपासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहून टाकते. नाहीतर आजही झोप लागायची नाही.

काल धुळ्याहून येताना पारोळ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. भाचा बरोबर होता. "मामी, तुम्ही सावलीत बसा, मी करतो." सावली कसली, एक बाभूळ होती. दारांच्या खालून पत्र्याची जी जाड कड जाते, तिच्यावर चाकाजवळ दोन खाचा असतात आणि जॅक त्यांच्या मधोमध बसवायचा असतो. त्याने तो कड सोडून आतल्या सपाट पत्र्याला लावला, कारण तिथं जागा ऐसपैस दिसते. दोन-चार वेढे फिरवले तसा तेलाचा रिकामा डबा चेपल्यासारखा आवाज आला. पत्रा वर गेला, गाडी होती तिथंच.

एक आजोबा मोटारसायकल थांबवून म्हणाले, "काय व्हयनं ताई?" सगळं ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "पेट्रोलना वास येस का?" आणि हातातली बिडी त्यांनी आपणहून लांब जाऊन विझवली. आपल्याकडे गर्दी जमते ती सल्ले द्यायला. हा माणूस आधी बिडी विझवतो, हे मला फार आवडलं.

वास येत नव्हता. खाली जमीन कोरडी. भाच्याच्या लेखी विषय संपला. माझं मन मानेना. टाकी मागच्या सीटखाली आणि इंजिन पुढे, म्हणजे पेट्रोलची नळी याच पत्र्याखालून जाणार. इंजिन बंद केलं की नळीतला दाब हळूहळू उतरतो, बारीक चीर असली तरी ती तेव्हा कळत नाही. पंप चालू असताना मात्र तीन-चार बार दाब असतो, टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. शिवाय मे महिन्यात आपल्याकडच्या तापलेल्या मुरमावर पेट्रोलचा थेंब टिकतो किती? बघेपर्यंत उडून जातो. कोरड्या जमिनीवर विश्वास ठेवायचा तो पौषात.

जॅक नीट जागी लावून चाक बदललं, गाडी खाली घेतली. मग भाच्याला चावी नुसती 'ऑन'पर्यंत फिरवायला सांगितली, स्टार्टर मारायचा नाही. मागच्या सीटखालून पंपाची घरघर दोन क्षण येते आणि थांबते, तेवढ्यात नळी दाबाने भरते. वारा जिकडे वाहत होता तिकडच्या बाजूला उकिडवी बसून मी हुंगत होते आणि मोबाइलच्या टॉर्चने बाहेरूनच पाहत होते. गाडीखाली शिरले नाही. येणारेजाणारे ट्रकवाले काय समजले असतील देव जाणे. चावी बंद, पुन्हा ऑन, असं काही वेळा केलं, मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच. जरा जरी वास आला असता तर बॅटरीची वायर काढून टोचन लावायचं, हे मी मनाशी ठरवलेलं होतं. आला नाही. हळूहळू एरंडोलमार्गे घरी आलो.

रात्री गाडी बंद पार्किंगमध्ये घेतली नाही, अंगणात उघड्यावर ठेवली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचून राहते. गाडीखाली केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरले. पहाटे उठून एकेक पुठ्ठा उचलून हुंगला. पुढच्या बाजूला एकच डाग, बिनवासाचा, एसीचं पाणी.

गॅरेजवाल्या भाऊंना हे सगळं मी जरा अभिमानानेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पेट्रोलचं बघूच. आधी ब्रेक." इंजिन सुरू ठेवून पेडल दाबून धरायला लावलं, ते खाली खाली जातंय का बघितलं. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी. माझ्या पोटात गोळा आला. पेट्रोलच्या नळीला लागूनच ब्रेकची लोखंडी नळी जाते, आणि तिच्यातलं तेल गळलं तर सांगायला पेट्रोलसारखा भपकारा नसतो. मी नाकाच्या भरवशावर ऐंशीच्या वेगाने नाही, तरी चाळीसच्या वेगाने आले होतेच की!

लिफ्टवर घेतल्यावर दिसलं: गळती कुठेच नाही. पेट्रोलच्या नळीची प्लॅस्टिकची एक क्लिप तुटून नळी लोंबत होती, आणि वर गेलेल्या पत्र्याची कड ब्रेकच्या नळीला टेकली होती. "आज काही नाही, पण हादऱ्याने घासत राहिली असती," म्हणाले. कोरड्या फडक्याने दोन्ही नळ्या टोकापर्यंत पुसल्या, सांधे पुसले, इंजिन चालू ठेवून पुन्हा पुसले. फडकं कोरडंच. क्लिप नवी बसवली, पत्रा नळीपासून बोटभर दूर केला, रंग तडकला होता तिथं पावसाळ्याआधी गंज धरू नये म्हणून काळा लेप मारला.

खळगा पूर्ण काढायचा तर सीट, गालिचा सगळं उपसावं लागेल, त्यामुळे तो तसाच ठेवलाय. मागे बसलं की डाव्या पायाला लागतो. रविवारी सासूबाईंना मेहुणबाऱ्याला सोडायचंय, गाडी त्यांच्या नावावर आहे, आणि त्या नेहमी मागे डावीकडेच बसतात. भाचा म्हणतो, जाड पायपुसणं टाकू.