चड्डीतला मोगली, नानाचा शेरखान

मोगलीच्या कुठल्याही एका भागाची गोष्ट सांग, असं नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही म्हणून बघा. माणूस आधी हसतो, मग डोकं खाजवतो आणि शेवटी गोष्ट सोडून गाणंच म्हणायला लागतो. ५२ भागांच्या मालिकेतून डोक्यात उरलं काय, तर गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजची चाल आणि चड्डी घातलेलं एक फूल! त्यातही गंमत अशी की मूळ मालिकेत हे गाणं नाहीच. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ही मालिका १९८९ च्या ऑक्टोबरात जपानी टीव्हीवर सुरू झाली, तेव्हा तिचं गाणं अर्थातच जपानी होतं. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली ती हा नवा साज लेवून.

आम्हाला कुठलं जपान ठाऊक असायला! रविवारी सकाळी आंघोळ उरकली की नाही याची चौकशी टाळून टीव्हीपुढे बसायचं, एवढंच माहीत. मोगली आपल्याकडचा वाटायचा, आणि तसा तो होताच. त्याला लिहिणारा किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. कथा मात्र त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिल्या. पण शेरखानला राहायला जागा दिली ती वैनगंगेकाठी. सिवनीकडून येऊन भंडारा, गडचिरोलीतून खाली जाते, तीच वैनगंगा. त्यामुळे विदर्भाने शेरखानवर थोडा हक्क सांगितला तर कुणी नाही म्हणू नये.

जपानी मंडळींनी या जंगलात स्वतःची भरही घातली. किची नावाचा लाल पांडा त्यांचाच. हिमालयाच्या थंडीतला हा जीव सातपुड्याच्या उन्हात काय करत होता, देव जाणे. मोगलीच्या हातात बूमरँग, म्हणजे थेट ऑस्ट्रेलिया. आमच्यापैकी एकानेही कधी शंका काढली नाही. उलट लाकडी पट्ट्या फेकून त्या परत येतात का, ते पाहण्यात आणि आल्या नाहीत की शेजाऱ्यांच्या गॅलरीतून मागून आणण्यात सुट्ट्या गेल्या.

माझ्या मते मालिका टिकली ती भीतीमुळे. मुलांच्या कार्टूनमधला दुष्ट बहुतेकदा आपटतो, धडपडतो आणि हशा घेऊन जातो. शेरखानला हसायची कुणाची छाती नव्हती. हिंदीत त्याला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि नाना उगाच गर्जत नाहीत. शब्द तोडून, चावून टाकतात. तो आवाज आला की पांघरूण जवळ ओढलं जायचं.

आणि त्याच्यासमोर उभं कोण, तर ज्याला ना नखं, ना सुळे, असं पोर. पळण्यात लांडग्याची पिल्लंही त्याच्या पुढे. बालूची शिकवणी, बघीराचा धाक, जंगलाचे कायदे तोंडपाठ करायचे, शिवाय चुकलं की बोलणी. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्याला हे सगळं ओळखीचं होतं. आता पुन्हा पाहताना वेगळंच काही टोचतं. किपलिंगच्या कथेत लांडगे त्याला माणूस म्हणून हाकलतात आणि गावातली माणसं लांडगा म्हणून. लहानपणी गावाचे भाग कंटाळवाणे वाटायचे, कधी एकदा जंगल येतंय असं व्हायचं. आज तेच भाग सगळ्यात सरस वाटतात.

२०१६ मध्ये डिस्नेचा ‘जंगल बुक’ आला. हिंदीत बालूला इरफान खान, बघीराला ओम पुरी. शेरखानला मात्र पुन्हा नानाच. जाहिरातीसाठी ते जुनं गाणंही नव्याने केलेलं. कुणाला बोलावणं धाडलंय ते आम्हाला बरोबर कळलं. थिएटरात चाळिशीकडे झुकलेले बाप खुर्चीच्या टोकावर बसले होते; मुलांना आपलं निमित्ताला आणलेलं.