कडी लागणारं दार

शनिवार, रात्री

मोठ्या दुकानात जायचं असलं की सकाळपासून पाणी बेतानंच प्यायचं, हे आता अंगवळणी पडलंय. मागे लघवीच्या जळजळीनं हैराण होऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुंबवून ठेवता का?" हो म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अमेरिकेत २०१५ साली सुमारे २८ हजार ट्रान्स लोकांची, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही अशांची, पाहणी झाली होती. त्यातल्या ५९ टक्के लोकांनी त्याआधीच्या वर्षभरात काहीतरी विपरीत घडेल या भीतीनं बाहेरचं टॉयलेट टाळलं होतं. ३२ टक्के लोकांनी त्यापायी खाणंपिणं कमी केलं होतं आणि ८ टक्के लोकांना लघवीचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास जडला होता. वाचून आधी बरं वाटलं, आपण एकटे नाही म्हणून. मग असल्या गोष्टीनं बरं वाटावं याचाच राग आला.

मी ट्रान्स पुरुष आहे, जन्मावेळी नोंद मुलगी म्हणून झालेली. दाढी बऱ्यापैकी आलीय, आवाज फुटलाय, त्यामुळे पुरुषांच्या टॉयलेटमध्ये शिरताना आता कुणी वळूनही बघत नाही. माझी अडचण आत गेल्यावर सुरू होते. मला कडी लागणारं दार लागतं. आजच्या दुकानात भिंतीलगत मुताऱ्यांची रांग आणि दारं दोनच. एका दारामागे बादली, पोछा आणि फिनेलचे कॅन कोंबलेले. दुसऱ्याची कडी निखळलेली, एकाच स्क्रूवर लोंबत होती. एका पायानं दार रेटून धरलं आणि कसाबसा बसलो. त्यात पाळी आलेली (हार्मोनच्या औषधात खंड पडला की कधीकधी उपटते). पुरुषांच्या बाजूला झाकणाचा डबा ठेवावा हे कुणाला सुचत नाही, आणि सुचणार तरी का म्हणा. पॅड कागदात गुंडाळून सॅकच्या आतल्या कप्प्यात टाकलं. मग ट्रायल रूमच्या रांगेत उभा होतो, पण जीव सगळा त्या कप्प्यात. मागच्या माणसाचा नुसता धक्का लागला तरी दचकत होतो. शेवटी शर्ट तिथेच ठेवून निघून आलो.

लोक या विषयावर भांडतात तेव्हा भांडण असतं दारावरच्या पाटीचं. कोण कुठल्या पाटीखालून आत जाणार. पण पाटी वाचून कुणाला आत सोडायचं ते प्रत्यक्षात कोण ठरवतं? बाहेर स्टुलावर बसलेला गार्ड. किंवा बेसिनपाशी हात धूत असलेली एखादी बाई.

केस कापले त्यानंतर दाढी येईपर्यंतचा काळ आठवतो. बायकांच्या बाजूला गेलो तर एक बाई किंचाळली. गार्ड धावत आला, "ओ साहेब, इकडं लेडीज आहे." मी बोललो, तर आवाज पातळ. तो गडबडला. "सॉरी मॅडम," म्हणाला, आणि तरीही दारातून हलेना. मला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिला, जणू कुठेतरी शिक्का मारलेला सापडेल. पुरुषांच्या बाजूच्या गार्डनं तर सरळ हात आडवा घातला. दोघेही वाईट नव्हते. त्यांना दुकानानं कधी काही सांगितलंच नव्हतं. वरचे लोक या विषयावर मूग गिळून बसले की निवाडा करायचं काम आपोआप दुकानातल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या गळ्यात पडतं, आणि त्याच्याजवळ डोळ्यांखेरीज दुसरं साधन नसतं.

त्या डोळ्यांचा मार फक्त आम्हाला बसतो असंही नाही. माझी एक मैत्रीण ट्रान्स नाही. उंच, खांदे रुंद, केस बारीक, आवाज घोगरा. तिलाही बायकांच्या टॉयलेटच्या दारात अडवलं गेलंय. आता ती बाहेर पडताना मुद्दाम कानात मोठे डूल घालते.

टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीनं एप्रिल २०१६ मध्ये उघड जाहीर केलं होतं की गिऱ्हाईक असो वा कर्मचारी, ज्यानं त्यानं आपल्या लिंगओळखीला जुळेल ते टॉयलेट आणि ती ट्रायल रूम वापरावी. त्याच्या महिनाभर आधी नॉर्थ कॅरोलायना राज्यानं नेमका उलटा कायदा केला होता: सरकारी इमारतींत आणि शाळांत जन्मदाखल्यावर जे लिंग असेल त्याचंच टॉयलेट. खासगी दुकानांना तो कायदा लागू नव्हता, त्यांनी आपापलं ठरवायचं होतं. टार्गेटनं ठरवलं, तर बहिष्काराच्या आवाहनावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. ऑगस्टमध्ये कंपनीनं जाहीर केलं की जिथे नाहीत त्या दुकानांत २ कोटी डॉलर खर्चून एकट्यानं वापरायची, आतून कडी लागणारी टॉयलेटं बांधू. नॉर्थ कॅरोलायनाचं ते टॉयलेटचं कलम पुढच्याच वर्षी रद्द झालं.

कडीची खोली मला हवीच आहे. लहान मुलीला घेऊन आलेल्या बापाला ती हवी असते, म्हाताऱ्या नवऱ्याला धरून नेणाऱ्या बाईलाही हवी असते. पण "ती खोली आहे" आणि "तुम्ही त्याच खोलीत जायचं" यात फार अंतर आहे. इलिनॉय राज्यात हॉबी लॉबी या दुकानातल्या एका ट्रान्स महिला कर्मचाऱ्याचा खटला वाचला होता. लायसन्सवर स्त्री, दुकानाच्या स्वतःच्या दप्तरातही स्त्री, पण बायकांच्या टॉयलेटला बंदी. २०१३ मध्ये दुकानानं सगळ्यांसाठी एक टॉयलेट बांधलं, तरी तिच्यावरची बंदी उठवली नाही. २०२१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं निकाल तिच्या बाजूनं दिला आणि २,२०,००० डॉलरची भरपाई कायम केली. वेगळी खोली बांधून दिली म्हणून भेदभाव धुतला जात नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांची सोय करायला सरकारांना सांगितलं. ज्यांना कुठलंच दार उघडं नव्हतं त्यांच्यासाठी ते मोठंच पाऊल होतं. पण मी त्या पाटीखालून आत जायचं म्हणजे दर वेळी आख्ख्या दुकानाला ओरडून सांगायचं की मी कोण आहे.

बायकांची भीती खोटी असं मी म्हणणार नाही. माझं आख्खं लहानपण त्याच टॉयलेटांत गेलंय. फटीतून कुणी बघत नाही ना, वरून मोबाइल नाही ना, हे मीही तपासायचो. ती भीती पुरुषांच्या वागण्यातून आलेली आहे. प्रश्न एवढाच, की ट्रान्स लोकांना आत सोडलं म्हणून ती वाढते का. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात असा हक्क देणारे नियम असलेली गावं आणि नसलेली गावं यांची तुलना करणारा अभ्यास २०१८ साली आला. टॉयलेटमधले गुन्हे त्या नियमांमुळे वाढल्याचं त्यात काही आढळलं नाही. त्याच वर्षी तिथे असाच हक्क देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर मतदान झालं, आणि दोनतृतीयांशांहून जास्त मतं कायदा ठेवा म्हणून पडली. बायकांना खरोखर सुरक्षित करायचं तर जमिनीपासून छतापर्यंतचं पार्टिशन, धड कडी, भरपूर उजेड आणि तक्रार केल्यावर हलणारं दुकान लागतं. मलाही नेमकं तेच लागतं, हे कुणाला समजावून सांगू?

रविवार

सकाळी दुकानाला कडीबद्दल तक्रार पाठवली होती. दुपारी मॅनेजरबाईंचा फोन आला, याची खरंच अपेक्षा नव्हती. कडी उद्याच बसवून घेते म्हणाल्या. बादली हलवते म्हणाल्या. डब्याचं काढल्यावर थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

"जेन्ट्समध्ये, सर? लोक हसतील."

"हसू देत, मॅडम. कचरा काय, कुणीही टाकेल. म्हाताऱ्या माणसांचे डायपर असतात, ते कुठे जातात सध्या?"

हे त्यांना पटलं. सासऱ्यांचं काहीतरी सांगायला लागल्या, मग मध्येच थांबल्या. गार्डला काय सांगायचं हा विषय निघाला तेव्हा मात्र सावध झाल्या. ते हेड ऑफिस ठरवतं, तुम्ही लिहून द्या, मी पुढे पाठवते.

मग संध्याकाळी लिहायला बसलो. पहिला खर्डा फारच भाषणबाज झाला होता, तो खोडला. शेवटी उरलं ते असं: गार्डनं कुणालाही तू बाई की पुरुष असं विचारू नये, ओळखपत्र मागू नये. कुणाच्या दिसण्यावरून तक्रार आली तर दखल घेऊ नये. कुणाच्या वागण्याची तक्रार असेल तर लगेच घ्यावी, मग समोर कुणीही असो. एकट्याच्या टॉयलेटची किल्ली काउंटरवर मागावी लागू नये, ते उघडंच असावं. आणि हे सगळं नव्या गार्डला पहिल्याच दिवशी सांगितलं जावं, कारण एजन्सीकडून येणारे गार्ड सारखे बदलतात.

खाली नाव घालताना थोडा रेंगाळलो, मग पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं. ट्रायल रूमचं लिहायचं राहिलंच. ते वेगळं पाठवावं लागेल.