नाव तेच, नाव वेगळी

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची एक मोटारसायकल उभी असते. बजाजने २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘व्ही’ मालिकेतली ती गाडी असून, मोडीत निघालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा धातू तिच्यात वापरलेला आहे. रविवारी सकाळी काका जुन्या गंजीफ्रॉकचा तुकडा घेऊन टाकीवरून असा काही हात फिरवतात, की पाहणाऱ्याला वाटावे, हे नौदलातूनच निवृत्त झाले असणार. प्रत्यक्षात ते बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांनी पाहिलेला समुद्र गणपतीपुळ्याचा आहे. गाडीला मात्र ते ‘विक्रांत’ म्हणूनच हाक मारतात.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत नौदलेही पाळतात. मला स्वतःला आजोबांचे नाव मिळाले, पण आजी नवऱ्याचे नाव उच्चारत नसल्यामुळे मी तिच्यासाठी शेवटपर्यंत ‘बाळ’च राहिलो. जहाजांना ही अडचण येत नाही. पहिली विक्रांत १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय होऊन राहिली आणि २०१४ मध्ये तोडायला निघाली. त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दुसरी विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हा तिने आजीचे नावच नव्हे, तर ‘आर ११’ हा क्रमांकही घेतला. लांबी मात्र सुमारे २१० मीटरवरून २६२ मीटरवर गेली. नातवंडे उंच निघतातच. आता ‘पहिली’ विक्रांत म्हणताना एक गोष्ट सांगायला हवी. ती मुळात ब्रिटिशांची ‘हर्क्युलीस’. अर्धवट बांधून पडलेली ही नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती आपल्या नौदलात आली. म्हणजे विक्रांत हे तिचे सासरचे नाव.

या दोन खऱ्या विक्रांतांच्या मध्ये एक खोटी विक्रांतही होऊन गेली, आणि मला तीच सर्वांत आवडते. १९७१ मध्ये ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विक्रांतच्या मागावर बंगालच्या उपसागरात आली, तेव्हा ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेने विशाखापट्टणमजवळ बिनतारी संदेशांचा असा धडाका लावला, की ऐकणाऱ्याने तिलाच विक्रांत समजावे. खरी विक्रांत तेव्हा दूर अंदमानात दडलेली होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. कशामुळे, याबद्दल दोन्ही देश आजही वेगवेगळे सांगतात. केवळ नावाच्या बळावर एक नौका काही दिवस समुद्रावर नांदली, ही गोष्ट मला कोणत्याही कादंबरीहून सरस वाटते.

कादंबरीवरून आठवले. भा. रा. भागवतांच्या मराठीतून ज्यूल व्हर्न वाचल्यामुळे ‘नॉटिलस’ हे नाव व्हर्नलाच सुचले, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात रॉबर्ट फुल्टनने १८०० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेल्या खऱ्या पाणबुडीचे ते नाव होते, आणि व्हर्नची नॉटिलस त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी अवतरली. तिचा कप्तान निमो पुढच्या एका कादंबरीत बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, म्हणजे तसा आपल्याकडचाच. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेने आपली पहिली अणुपाणबुडी पाण्यात सोडली तीही नॉटिलसच. निमोने दक्षिण ध्रुव गाठला होता. ही ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. अमेरिकी नौदलात हे नाव आधीपासून होते हे मला ठाऊक आहे, तरी त्या पाणबुडीचे छायाचित्र पाहिले की सुकाणूपाशी मला निमोच दिसतो. ‘एंटरप्राइज’चे तर विचारूच नये: दूरचित्रवाणीवरच्या काल्पनिक यानाच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, म्हणून १९७६ मध्ये खऱ्या अंतराळयानाला ते नाव मिळाले, आणि ते यान अंतराळात कधी गेलेच नाही.

परवा सकाळी वॉचमनने खालूनच हाक दिली, “काका, तुमची विक्रांत जरा बाजूला घ्या, पाण्याचा टँकर आत येतोय.” काका सदऱ्याची बटणे लावत लगबगीने जिना उतरले.