रायफलबंदी: जूल मोजायचे की काडतूस बघायचं?

परदेशात गोळीबार झाला की ‘हाय-पॉवर रायफलींवर बंदी आणा’ ही मागणी होते. ती बातमी साताऱ्यात पोचेपर्यंत प्रश्न बदललेला असतो: आता आपली परवान्याची .३१५ रायफल (हा आकडा नळीचा, इंचात) पण जमा करायला लावणार का? नाही लावणार. आपल्याकडची रेषा शक्तीवर आखलेलीच नाही.

शक्ती मोजणं अवघड नाही. गोळीचं वजन किलोमध्ये घ्यायचं, सेकंदाला किती मीटर त्या वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि दोनाने भागायचं. उत्तर जूलमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एककात येतं. .३०३ ची गोळी ११.३ ग्रॅमची आणि वेग ७४४ धरला तर सुमारे ३,१०० जूल. .२२ चे जेमतेम १४०, .३०-०६ चे ३,८०० च्या आसपास, हत्ती-गव्याच्या शिकारीसाठी बनलेल्या .३७५ मॅग्नमचे ५,७०० च्या पुढे. .५० बीएमजी मात्र थेट १६-१७ हजारांवर जाते.

ब्रिटनने २०१८ च्या विधेयकात १३,६०० जूलच्या वरच्या रायफलींवर बंदी सुचवली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने ते कलम मागे घेतलं आणि भर दिला तो अशा रायफली कडेकोट ठेवण्यावर. कॅनडाने मे २०२० मध्ये १०,००० जूलची मर्यादा घातली, पण सोबत दीड हजाराहून जास्त मॉडेलं नावानिशी बंद केली. नावं का घालावी लागली? कारण ज्या रायफलींवरून एवढी ओरड होते त्यातल्या बऱ्याच ५.५६ मिमीच्या, आणि त्या काडतुसाचे जूल भरतात १,७०० ते १,८००. म्हणजे .३०३ च्या निम्म्याहून थोडे जास्त. नुसती जूलची पट्टी लावून ती खाली आणत गेलं तर शिकाऱ्याची बोल्ट रायफल (दर गोळीला हाताने खटका ओढावा लागणारी) आधी अडकते आणि धडाधड गोळ्या झाडणारी सुटते. शिवाय जूल हा बंदुकीवर कोरलेला आकडा नाही. नळी आखूड केली, दारूचा भार बदलला, हलकी गोळी घातली की त्याच रायफलीचा आकडा बदलतो. अमेरिकेने १९९४ च्या बंदी कायद्यात रूपावर भर दिला: पिस्तूल ग्रिप, घडीचा दस्ता, संगीन लावायची सोय. कंपन्यांनी तेवढे भाग काढले आणि विक्री चालू ठेवली. तो कायदा २००४ मध्ये मुदत संपून गेला.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम दोन गोष्टी बघतात. पहिली, चाल: घोडा दाबून धरला की गोळ्या सुटत राहणारं हत्यार आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल (दर दाबाला एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते), दोन्ही प्रतिबंधित. दुसरी, काडतूस: .३०३ किंवा ७.६२ चं सैन्याचं काडतूस ज्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या कप्प्यात) बसतं आणि उडतं, ती रायफल बोल्टची असली तरी प्रतिबंधित. या श्रेणीचा परवाना जिल्हाधिकारी देऊच शकत नाहीत, तो दिल्लीचा विषय. म्हणून .३०३ बंद आणि तिच्याच जवळपास ताकदीची .३१५ चालू. माझ्या मते ही जूलपेक्षा शहाणी पट्टी आहे: सरकारी गोळी बाहेर गेली तरी ती खासगी बंदुकीत बसू नये.

इथे घोळ होतो तो परवान्यावरच्या नोंदीत. .३०८ आणि .३०-०६, दोन्हींच्या नळीचा बोर एकच, ७.६२ मिमी. पण .३०८ च्या काडतुसाचं कवच ५१ मिमी लांब, सैन्याच्या ७.६२ सारखंच, म्हणून ती प्रतिबंधित. .३०-०६ चं कवच ६३ मिमी, चेंबर वेगळं, म्हणून ती चालते. परवान्यावर नुसतं ‘.३० बोर’ लिहिलेलं असेल तर नूतनीकरणाला शंका निघणारच. नळीवरचा ठसा आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचून पूर्ण नाव नोंदवून घ्यावं. अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजींच्या गावात हा फरक समजावून सांगावा लागत नाही, बाकी ठिकाणी लागतो.

गंमत म्हणजे जूलची रेषा आपल्याकडेही आहे, पण ती एअरगनला. २० जूलच्या वर किंवा ४.५ मिमीपेक्षा मोठ्या बोरची असेल तर परवाना हवा.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्याचा रायफलीशी संबंध तसा कमीच. पीक संरक्षणासाठी कायद्याने आधी ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरत नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे बहुधा बाराबोर. तोंडाशी चेपलेली किंवा चिरलेली नळी गावातल्या लेथवर कापून आणायची नाही. नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो, आणि २० इंचांच्या खाली गेली की साधी बाराबोर प्रतिबंधित श्रेणीत जाऊन बसते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, हेही पुन्हा सांगायला हवं. रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे खरी कात्री लागली ती संख्येला. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात माणशी एकच हत्यार ठेवायचं होतं. विरोध झाला, मग तीनऐवजी दोन ठरली. १४ डिसेंबर २०१९ पासून ही मर्यादा लागू आहे. तिसरं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे एका वर्षात जमा करायचं होतं. वारशाने आलेलं हत्यारही याच दोनात मोजतात. म्हणून आजोबांच्या नावावरची बाराबोर ते गेल्यावर ‘घरातलीच आहे’ म्हणून कपाटात ठेवून चालत नाही. आधी जमा करून पावती घ्यायची, मग वारसाच्या नावाने अर्ज. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत, त्याने घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने अर्ज करावा किंवा विकून मोकळं व्हावं.